ॲक्सेसची फाइल मला उघडते, वेबसाइटला उघडत नाही. आणि ४५अ खातं कुठे गेलं?

कलमवाला, देवगड
नमस्कार मंडळी. आमच्या आंबा बागायतदार सोसायटीचं पेट्यांचं खातं मी सांभाळतो. शिक्षण कॉमर्सचं, प्रोग्रॅमिंग रात्री जागून शिकलो. ऑफिसात एकच पीसी आहे, विंडोज १०. कोणाच्या किती पेट्या वाशीला गेल्या ते जुन्या हिशोबाच्या प्रोग्रॅममधून ॲक्सेस ह्या डेटाबेसच्या एमडीबी फाइलमध्ये जातं. दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, एक्सेलमध्ये येते. दोन्ही जुळवून प्रत्येकाला मोबाइलवर आपलं खातं दिसावं म्हणून एएसपी डॉट नेटमध्ये (मायक्रोसॉफ्टची वेबसाइट बनवायची पद्धत) एक पान केलंय. कागदी पट्टी हातात पडेपर्यंत माणूस फवारणीची उधारी आणि राखणीच्या गुरख्यांचा पगार अंदाजावर धरून बसलेला असतो. म्हणून हे पान मला ह्याच सीझनला चालवायचंय.

व्हिज्युअल स्टुडिओतून, म्हणजे जिथे कोड लिहितो तिथूनच, चालवलं की सगळं दिसतं. तेच आयआयएसवर (विंडोजचा वेब सर्व्हर) टाकलं की 'डेटा सोर्स नेम नॉट फाउंड'. डीएसएन (कुठली फाइल कुठल्या ड्रायव्हरने उघडायची ती नोंद) मीच केलाय, नाव चार वेळा ताडून पाहिलं.

दुसरी अडचण जास्त जिव्हारी लागलीय. परवा एका आजींचा फोन आला, "रे, माझ्यो पेट्यो खंय गेल्यो?" त्यांचं खातं ४५अ. मूळ ४५ त्यांच्या सासऱ्यांचं, वाटणी झाली तेव्हा ४५अ आणि ४५ब झाले. एक्सेल उघडलं तर ४५अ स्वच्छ दिसतंय, ३१ पेट्या. माझ्या पानावर मात्र त्या ओळीत खाते नंबर रिकामा. ४४ आणि ४६ व्यवस्थित. शंभर रुपयांची चूक असती तरी मला झोप लागली नसती, इथे तर आजींच्या अख्ख्या मालाचा प्रश्न आहे.

खाडीपलीकडचा, रत्नागिरी
डीएसएन 'युजर'मध्ये केला आहेस का? तो फक्त तुझ्या लॉगिनचा असतो. आयआयएसमध्ये वेबसाइट 'ॲप्लिकेशन पूल'मध्ये, त्याच्या वेगळ्या विंडोज खात्याखाली चालते, त्याला तुझा डीएसएन दिसणारच नाही. 'सिस्टम डीएसएन' कर.

पण त्याआधी एमएस ऑफिस ३२ बिटचं आहे की ६४ ते बघ. ३२ असेल तर ॲक्सेसचा ड्रायव्हरही (फाइल वाचून देणारा दुवा) ३२ बिटचाच बसलेला असणार, आणि आयआयएसचा पूल मुळात ६४ बिटमध्ये चालतो. पूलच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये 'एनेबल ३२-बिट ॲप्लिकेशन्स' ट्रू कर. मग डीएसएनसुद्धा ३२ बिटच्या ओडीबीसी खिडकीतूनच करायचा. ती सिसवाउ६४ फोल्डरात असते, ६४ बिटची सिस्टम३२ मध्ये. नावं उलटी वाटतात, पण तसंच आहे. ह्यात माझे दोन दिवस गेले होते.

रापणकार, मालवण
माका पण गेल्या साली ह्योच फटको बसलेलो. तुझी एक्सेल फाइल बरोबर आसा. पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून सरळ लिहितो.

एक्सेलचा ड्रायव्हर प्रत्येक कॉलमच्या पहिल्या ८ ओळी बघून ठरवतो की हा आकडा की मजकूर. तुझ्या पहिल्या आठही ओळींत नुसते आकडे असणार. मग तो अख्खा कॉलम आकड्यांचा धरतो आणि ४५अ आलं की तिथे नल, म्हणजे रिकामं, देतो. एरर येत नाही, म्हणूनच हे घातक. कनेक्शन स्ट्रिंगमध्ये (कोडमधली फाइल जोडायची ओळ) 'आयमेक्स=१', म्हणजे मिश्र कॉलम मजकूर म्हणून वाच, असं टाक, असं सगळे सांगतील. नुसत्या त्याने भागणार नाही, कारण मिश्र माल आहे की नाही हेही तो त्या आठ ओळींतच बघतो. सोबत 'एचडीआर=नो' कर. मग 'खाते नंबर' हे शीर्षकच पहिली ओळ म्हणून वाचलं जातं, मजकूर सापडतो, आणि सगळा कॉलम मजकूर म्हणून येतो. ती पहिली ओळ कोडमध्ये सोडून दे.

कलमवाला, देवगड
दोघांचेही मनापासून आभार. ऑफिस ३२ बिटचंच निघालं. पूल बदलला, डीएसएन सिस्टममध्ये केला, फाइल उघडली. मग 'पट्टी मिळाली' अशी खूण त्याच फाइलमध्ये करायला गेलो तर 'ऑपरेशन मस्ट यूज ॲन अपडेटेबल क्वेरी'. एमडीबीवर परवानगी दिली होती, पण शेजारी एलडीबी नावाची लॉक फाइल तयार व्हावी लागते, आणि फोल्डरवर परवानगी नव्हती. पूलच्या खात्याला फोल्डरवर 'मॉडिफाय' दिल्यावर चाललं.

४५अ आलं. नुसतं ४५अ नाही, वाटणीची १७ खाती परत आली. आठवड्यापासून ती सगळी माझ्या पानावर रिकामी होती आणि फोन एकाच आजींनी केला. बाकीच्यांना मी आज एकेक करून फोन केले.

खाडीपलीकडचा, रत्नागिरी
छान. एक विनंती: चालू एमडीबीत वेबवरून लिहू नकोस. हा ड्रायव्हर सर्व्हरवर वापरू नका असं मायक्रोसॉफ्टच सांगतं. लिहिताना लाइट गेली तर फाइल बिघडू शकते. रोज रात्री डेटा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसमध्ये (मायक्रोसॉफ्टचा मोफत डेटाबेस सर्व्हर) उतरव, पान तिथून वाचू दे, खुणाही तिथेच ठेव.

कलमवाला, देवगड
पटलं. लाइट आली की खुणांचं बटण बंद करतो. पहिल्या पावसाच्या आत रात्रीची कॉपी बसवतो, तोवर रोज संध्याकाळी एमडीबी पेनड्राइव्हवर घेतोय. इथे दुपारपासून लाइट नाही, मोबाइलवरूनच लिहितोय.