मोटर रिवाइंडिंगच्या वर्कशॉपसाठी संगणक घ्यायचाय, कोटेशन आलंय पण पटत नाही

वेढेवाली

नमस्कार मंडळी,

आमचं मोटर रिवाइंडिंग आणि पंपदुरुस्तीचं वर्कशॉप आहे. बाबांनी सुरू केलं, आता मी बघते. दोन कारागीर, एक मदतनीस आणि मी. दिवसाला पाच-सहा मोटरी येतात.

लिहायचं काम तसं ठरलेलं आहे. प्रत्येक मोटरचं जॉबकार्ड दोन प्रतींत, एक गिऱ्हाइकाला आणि एक आमच्याकडे. तारेचा आणि बेअरिंगचा साठा, बिलं, उधारी. आणि या सगळ्यापेक्षा मोलाच्या बाबांच्या वह्या. एकतीस आहेत. जळालेली मोटर उघडली की जुनी कॉइल कापायच्या आधी बाबा टिपून ठेवायचे: स्लॉट म्हणजे खाचा किती, कॉइलला वेढे किती, तारेचं गेज म्हणजे जाडीचा नंबर, पिच म्हणजे कॉइलच्या दोन बाजू कुठल्या खाचांत बसतात ते, जोडणी स्टार की डेल्टा. तसलीच मोटर पुन्हा आली की वही उघडायची आणि कामाला लागायचं. पाटी गंजून अक्षरं गेलेली असली तरी स्टेटरची, म्हणजे मोटरच्या न फिरणाऱ्या भागाची, लांबी आणि आतला व्यास मोजून ते नेमकी वही काढून द्यायचे. आता त्यांची नजर अधू झाली आहे. कुठल्या वहीत काय आहे हे मात्र अजून त्यांनाच पाठ आहे, आणि मला त्याचीच काळजी लागून राहिली आहे.

सध्या एक जुना संगणक आहे. ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. बिल निघेपर्यंत गिऱ्हाईक ताटकळतं.

एका विक्रेत्याने कोटेशन दिलंय: एक सर्व्हर, आय-सेव्हन प्रोसेसरचे तीन संगणक (त्यातल्या एकाला ग्राफिक्स कार्ड), मोटरींवर बारकोड चिकटवायला थर्मल लेबल प्रिंटर, आणि दरवर्षी वर्गणी भरायचं सॉफ्टवेअर. मी विचारलं, वह्यांमधली माहिती यात कुठे बसेल? तर म्हणाले, "ती रिमार्क्समध्ये टाका." तिथेच माझं मन उडालं.

मला खरंच सर्व्हर, म्हणजे सगळ्यांची माहिती ठेवणारा वेगळा संगणक, लागेल का? आय-फाइव्ह की आय-सेव्हन? सॉफ्टवेअर वर्गणीचं घ्यावं की एकदाच विकत? आणि वह्यांचं काय करू?

जुना हिशेबनीस

ताई, प्रोसेसरचा प्रश्न सगळ्यांत शेवटी घ्या. आधी सॉफ्टवेअर ठरवा, ते ज्यावर नीट चालेल ते यंत्र नंतर. लोक उलटं करतात, कारण यंत्र दुकानात डोळ्यांसमोर दिसतं.

आणि सॉफ्टवेअर बघताना आत काय-काय आहे यापेक्षा त्यातून बाहेर कसं पडता येतं ते आधी विचारा. हे मी पोळलो आहे म्हणून सांगतो. माझ्या हार्डवेअरच्या दुकानात नऊ वर्षं एक सॉफ्टवेअर वापरलं. छान होतं, त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. करणारी कंपनी बंद पडली. पुढे संगणक बिघडला, नव्यावर सॉफ्टवेअर चढेना, कारण चालू करण्याचा नंबर देणारं कुणी उरलंच नव्हतं. माहितीची फाइल माझ्या हातात, शाबूत, पण दुसऱ्या कशातच उघडत नव्हती. छापलेल्या बिलांच्या गठ्ठ्यांवरून मी आणि माझी मुलगी चार महिने रात्री बसून उधारी पुन्हा टाइप करत होतो. ज्यांची बिलं सापडली नाहीत त्यांची उधारी गेलीच.

म्हणून विक्रेत्याला समोर बसवा आणि म्हणा: "गिऱ्हाइकांची यादी, साठा, जॉबकार्डं, सगळं आत्ता माझ्यासमोर सीएसव्हीमध्ये काढून दाखवा." अहवालाची पीडीएफ नको. सीएसव्ही साधी मजकुराची फाइल असते, ती कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये उघडते. "ती सोय आम्ही ऑफिसमधून करून देतो" असं उत्तर आलं तर ती सोय नाही असं धरून चाला. वर्गणीच्या बाबतीत आणखी एक विचारा: वर्गणी थांबवली तर जुन्या नोंदी निदान वाचता येतील का, आणि किती दिवस? मला वर्गणीचं वावडं नाही, सुधारणा मिळत राहतात. पण घराची किल्ली दुसऱ्याकडे राहते आहे हे माहीत असू द्या.

दुसरं, नुसता डेमो बघून ठरवू नका. डेमोमधली माहिती त्यांनी सोयीची निवडलेली असते. तुमची खरी वीस जॉबकार्डं उचला. त्यात दोन पैसे न दिलेली, एक परत आलेली मोटर, एक अर्धवट सोडलेलं काम, अशी अडचणीची मुद्दाम घ्या. ती स्वतःच्या हाताने भरून बघा.

पेचकस

काकांशी सहमत. मी यंत्रापुरतं लिहितो.

सर्व्हर नको. तीन संगणक फाइली वाटून घेणार असतील तर त्यातला एकच बाकीच्यांना पुरतो. साध्या विंडोजवर २० पर्यंत यंत्रं फाइल वाटपासाठी जोडता येतात. तुम्हाला तर मला दोनच दिसतात, एक बिलाच्या टेबलावर आणि एक जॉबकार्डांसाठी. ग्राफिक्स कार्ड कशासाठी सुचवलं असेल ते मला उमगत नाही. तुमच्या कामात त्याला काहीच करायला नाही.

आय-फाइव्ह आणि आय-सेव्हन यापेक्षा पिढी बघा. सातव्या पिढीचा आय-सेव्हन ७७०० चार कोअरचा, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह ८४०० सहा कोअरचा. विंडोज ११ अधिकृतपणे दुसऱ्यावर चालते, पहिल्यावर नाही. दोन-चार अपवाद सोडले तर इंटेलमध्ये आठवी पिढी हीच तिची सीमा आहे, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय संगणकात लागते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे बिलांच्या संगणकावर ती फार दिवस ठेवू नका. एखाद्या मोठ्या कार्यालयातून निघालेला, आठव्या पिढीच्या पुढचा, तपासून हमीसह विकलेला डेस्कटॉप तुम्हाला चांगला चालेल. त्यात १६ जीबी रॅम आणि हार्ड डिस्कऐवजी एसएसडी.

तुमचं बिल रखडतं ते बहुतेक हार्ड डिस्कमुळे. आत तबकडी फिरते, सुईसारखं डोकं जागा शोधत हिंडतं, प्रत्येक शोधाला आठ-दहा मिलिसेकंद जातात. सेकंदाला शंभरेक शोध झाले की तिचा दम संपतो. एसएसडीत फिरायला काही नाही. रॅम ४ जीबी असल्यामुळे ती भरली की संगणक उरलेलं सामान त्याच मंद तबकडीवर ठेवतो, म्हणून दोन्हींकडून अडकता.

दोन संगणकांमध्ये तार टाका, वायफायवर राहू नका. काही सॉफ्टवेअरं माहितीची एकच फाइल दोघांकडून एकाच वेळी उघडतात. मध्येच जोडणी तुटली की ती फाइल बिघडू शकते.

मोटर थेट चालू करताना पाच-सहा पट करंट ओढते हे तुम्हाला मी काय सांगणार. संगणकाची लाइन टेस्ट बेंचपासून (मोटरी चालवून बघायच्या टेबलापासून) वेगळी काढा आणि यूपीएस लावा. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॉट नव्हे, साध्या मॉडेलात ३६० च्या आसपास मिळतात. लेझर प्रिंटर त्यावर लावू नका, त्याचा तापणारा रोलर एकदम खूप वीज घेतो. आणि संगणक ग्राइंडरच्या खोलीत नको. लोखंडाचा कीस वीज वाहतो, पंख्याने आत ओढला की बोर्डावर जाऊन बसतो.

वेढेवाली

काका, तुमचं वाचून रविवारी बसले. वीस जॉबकार्डं आणि वह्यांतली दहा पानं घेतली, आणि विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरची महिनाभराची चाचणी प्रत मिळाली होती ती उघडली. उधारी आणि बिलं व्यवस्थित बसली, हे मान्य करायला हवं. परत आलेली मोटर मात्र नवीन गिऱ्हाईक म्हणूनच घालावी लागते. मागच्या वेळी काय केलं होतं ते तिच्यासमोर येत नाही, आणि आमच्या धंद्यात तर तेच हवं असतं. सीएसव्ही काढायचं बटण कुठेच नव्हतं. विचारलं तर उत्तर आलं, "ऑफिसमधून करून देतो." काकांचेच शब्द.

मग वाटलं, वह्या निदान एक्सेलमध्ये घालाव्या. पिचच्या रकान्यात १-८ लिहिलं, एंटर दाबलं, तर तिथे १ ऑगस्ट! १-१० चं १ ऑक्टोबर. तीन-चार वेळा पुसून लिहिलं तरी तेच. बाबा शेजारी बसून वाचून दाखवत होते. त्यांना काय झालं ते सांगितलं तर म्हणाले, "वहीत असं होत नाही." खूप वाईट वाटलं. मला उत्तर देता आलं नाही.

रकानेवाला

ताई, याने भलेभले रडले आहेत. जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये कित्येक मानवी जनुकांची नावंच बदलली. एकाचं नाव 'मार्च १' होतं, एक्सेल त्याची तारीख करायचं आणि शास्त्रज्ञांच्या तक्त्यांत चुका शिरायच्या. आता ते 'मार्चएफ १' आहे.

कारण असं: एक्सेल तारीख आतमध्ये एक आकडा म्हणून साठवतं. १-८ तारीख झाली की तुम्ही काय लिहिलं होतं ते त्याच्याकडे उरतच नाही. म्हणून नंतर स्वरूप बदललं की पंचेचाळीस हजारांच्या पुढचा भलताच आकडा दिसतो. उपाय आधीच करायचा. रकाना रिकामा असताना तो पूर्ण निवडा, त्याचं स्वरूप 'टेक्स्ट' करा, मग लिहायला घ्या. जॉबनंबरच्या रकान्यालाही हेच करा, नाहीतर ००७२ चं ७२ होईल.

तक्ता आखताना माझं एवढं ऐका. एका मोटरला एक ओळ, आणि एका रकान्यात एकच गोष्ट. "४८ वेढे, २२ गेज" असं एकत्र लिहिलं की शोधता येत नाही. गेजचा एक रकाना वहीत आहे तसा ठेवा आणि शेजारी मिलिमीटरचा ठेवा. २२ एसडब्ल्यूजी (तारेच्या गेजची ब्रिटिश पद्धत) म्हणजे ०.७११ मिमी, २४ म्हणजे ०.५५९. तुम्हाला हे पाठ असेल, पण गेजचा नंबर वाढला की तार बारीक होते हे संगणकाला ठाऊक नाही. मिलिमीटर असले की तो नीट क्रम लावेल. बाबा लांबी आणि व्यासावरून वही काढायचे म्हणालात ना, मग ते दोन रकाने सगळ्यांत आधी, पाटीवरच्या नावाच्याही आधी. त्या दोन आकड्यांवर फिल्टर लावला की बाबा जसं शोधतात तसंच शोधता येईल.

प्रत्येक पानाचा फोटोही काढा. फाइलचं नाव वही आणि पानावरून, 'वही०७_पान०४३' असं. तेच नाव तक्त्यात एका रकान्यात. टाइप करताना चूक झाली तर मूळ अक्षर बघता येतं. एवढ्या कामाला एक्सेलऐवजी लिब्रेऑफिसही पुरेल, ते मोफत आहे.

वेढेवाली

टेक्स्ट करून बघितलं, १-८ जागच्या जागी राहिलं. मनापासून आभार, दादा.

माझं आता असं ठरतंय. सर्व्हर नाही, ग्राफिक्स कार्ड नाही. १६ जीबी आणि एसएसडीचे दोन वापरलेले डेस्कटॉप, ऑफिसच्या केबिनमध्ये, वेगळ्या लाइनवर. बिलं आणि उधारीसाठी दुसरं सॉफ्टवेअर बघितलं, त्यात सीएसव्ही मीच काढून बघितली. वह्यांसाठी वेगळा तक्ता. दोन प्रतींचं जॉबकार्ड कार्बनवर निघावं म्हणून डॉट मॅट्रिक्स. इंकजेट आणि लेझर कागदावर आघात करत नाहीत, त्यामुळे खालच्या प्रतीवर काही उमटत नाही, हे आधीच्या प्रिंटरवर कळलं होतं.

थर्मल लेबल कोटेशनमधून मीच काढलं. वार्निश केलेला स्टेटर आम्ही १२० अंशांवर भट्टीत घालतो. थर्मल कागदावर उष्णतेनेच अक्षर उठतं, तर तो भट्टीत पूर्ण काळा होणार. पूर्वीपासून मोटरला नंबर ठोकलेला पितळी बिल्ला बांधतो, तोच राहील. तो नंबर जॉबकार्डवर.

वहीचे फोटो आणि तक्ता सुरक्षित कसे ठेवावेत एवढं सांगा. एक बाहेरची डिस्क आहे, ती कायम जोडलेलीच असते.

जुना हिशेबनीस

कायम जोडलेली नको, ताई. खंडणी मागणारा विषाणू शिरला तर जोडलेली डिस्कही त्याच झटक्यात कुलूपबंद होते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा असाच विषाणू पसरला तेव्हा त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती, ज्यांनी घेतली नव्हती ते सापडले. तेव्हा अपडेट बंद करून ठेवू नका.

प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक वर्कशॉपच्या बाहेर. तुमच्यासाठी: संगणकावर एक, इंटरनेटवरच्या साठ्यात एक, आणि दोन बाहेरच्या डिस्क आलटूनपालटून, दर शनिवारी एक घरी न्यायची आणि घरची परत आणायची. तुमच्याकडे भट्टी आणि वार्निश आहे, त्यामुळे घरच्या प्रतीत हयगय नको.

आणि महिन्यातून एकदा घरच्या डिस्कवरून तक्ता दुसऱ्या संगणकावर उघडा, मधली पाच पानं काढा, वहीशी ताडून बघा. माझ्या दुकानात प्रत रोज निघत होती. ती उघडून मात्र कुणी बघितली नव्हती.

वेढेवाली

दुसरी डिस्क आजच सांगते. वही क्रमांक एकचे फोटो काल रात्री संपले, ९६ पानं. बाबा वाचून दाखवतात, मी टाइप करते. चार ठिकाणी गेज पुसलं होतं, त्यातली तीन त्यांनी आठवणीने सांगितली. चौथ्यासाठी म्हणाले, "ती मोटर अजून चालू आहे, आली की मोजू." तो रकाना मोकळा ठेवलाय.