सायकोसिसच्या पहिल्या झटक्यानंतर बारावीला लगेच बसवावं का?

स्थिरचित्त
सायकोसिसमध्ये वास्तवाचं भान सुटतं; त्यातले भास, संशय औषधांनी काही आठवड्यांत ओसरतात आणि घरच्यांचा पहिला प्रश्न येतो, "आता परीक्षा देऊ दे ना?" माझं मत स्पष्ट आहे: एक वर्ष थांबा. भास गेले म्हणून लक्ष, वर्किंग मेमरी (माहिती क्षणभर डोक्यात धरून तिच्यावर काम करणं) आणि विचारांचा वेग परत येत नाही; त्यांवर या औषधांचा फारसा उपयोग होत नाही. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात 1972-73 साली जन्मलेल्या हजारभर मुलांचा पाठपुरावा झाला. त्यातल्या ज्यांना पुढे स्किझोफ्रेनिया (सायकोसिस होणारा दीर्घकाळचा आजार) झाला, ती सातव्या वर्षीच शाब्दिक तर्कात मागे होती आणि 7 ते 13 या वयात त्यांचा वेग व वर्किंग मेमरी बरोबरीच्यांपेक्षा सावकाश वाढली. तीन तासांच्या पेपरात नेमकं हेच पणाला लागतं.

फळा_खडू
याच अभ्यासातून मी उलटं काढते. वाढ सावकाश होती, थांबली नव्हती. बुद्ध्यंक समवयस्कांशी तुलना करून काढतात, त्यामुळे मुलाचे प्रत्यक्ष गुण वाढले तरी बाकीचे पुढे गेले की आकडा उतरतो. पालक तो आकडा बघून "मेंदू झिजतोय" असं धरून बसतात आणि पुस्तकं माळ्यावर जातात. मग झोप उलटीपालटी होते, मित्र पुढच्या वर्गात जातात, बोलायला कोणी उरत नाही. सतराव्या वर्षी मेंदूला काम हवं!

गोळी_मात्रा
आधी औषधांची चिठ्ठी बघा. हॅलोपेरिडॉल किंवा रिस्पेरिडोन या सायकोसिसवरच्या औषधांमुळे येणारा ताठरपणा, कंप कमी करायला ट्रायहेक्सिफेनिडिल 2 मिलिग्रॅम देतात आणि पुष्कळदा ते महिनोन्‌महिने तसंच चालू राहतं. त्यानं स्मरणशक्ती मंदावते. कमी करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून बंद केलंत तर ताठरपणा परत येऊ शकतो. बुद्ध्यंकाची, स्मरणशक्तीची चाचणीही लक्षणं निवळल्यावर, मात्रा काही आठवडे स्थिर राहिल्यावरच घ्या. तीच चाचणी लगेच पुन्हा घेतली तर सरावानं वाढलेले गुण सुधारणा म्हणून खपतात.

स्थिरचित्त
चिठ्ठीचा मुद्दा पूर्ण मान्य. पण @फळा_खडू, काम कोणतं? कॉग्निटिव्ह रेमेडिएशनला (लक्ष, स्मरण, विचार सुधारण्याच्या प्रशिक्षणाला) आठवड्यातून दोन-तीन सत्रं, तीही काही महिने लागतात. मोबाइलवरच्या खेळांनी त्या खेळातले गुण वाढतात, अभ्यासाला त्याचा उपयोग होत नाही. थेरपिस्टनं रीत शिकवावी लागते: अकाउंट्सचं गणित असेल तर आधी व्यवहारांखाली रेघा, मग एकेक नोंद मोठ्यानं म्हणत लिहायची, शेवटी ताळा. पूर्ण कॉलेज सांभाळून हे होत नाही.

फळा_खडू
पूर्ण कॉलेज कोण म्हणतंय? मुख्य परीक्षेत झेपतील ते दोन-तीन विषय, राहिलेले पुरवणी परीक्षेत. ती रीत खऱ्या पेपरासाठी वापरली तरच अंगवळणी पडेल, रिकाम्या वर्षात ती वापरायची कशावर? शिवाय 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार येतो. 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर पेपराला तासामागे 20 मिनिटं जादा मागता येतात. वेग कमी पडणाऱ्या मुलाला तीच हवी असतात. कागदपत्रांना वेळ लागतो, त्यामुळे अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच करा.

स्थिरचित्त
दोन विषयांपर्यंत मी येतो, एका अटीवर. सराव पेपर घरी घड्याळ लावून सोडवून घ्या. तासाभरात लक्ष सुटत असेल तर एक विषय कमी करा. आणि झोप बिघडून संशय पुन्हा डोकावू लागला, तर हॉल तिकीट हातात असलं तरी थांबवा आणि डॉक्टरांना गाठा.