वंशशास्त्राच्या कवट्या: मांडायच्या की नाही?

निशिगंध
बर्लिनच्या डालेम भागात, इनेस्ट्रासे 22 इथे, 1927 पासून मानववंशशास्त्राची कैसर विल्हेल्म संस्था होती. वंशांत उच्चनीच मानणारा ऑइगेन फिशर तिचा संचालक. पुढे आउशविट्झच्या नाझी छळछावणीतून तिथल्या डॉक्टर मेंगेलेने बळींचे अवयव इथेच पाठवले. इरावती कर्वे यांची पीएचडी याच संस्थेतली. आता तिथे या इतिहासाचं प्रदर्शन आहे. माझं म्हणणं: असल्या प्रदर्शनात डोकी मोजायचे कॅलिपर, नोंदवह्या, फिशरचं नाव सगळं ठेवा. माणसांची हाडं नकोत. असल्या संग्रहांतल्या कितीतरी कवट्या वसाहतींतून कुणालाही न विचारता उचललेल्या आहेत.

रानवारा
पटत नाही. हाडं काढली की सुबक उपकरणं तेवढी उरतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या डॉक्टर सॅम्युअल मॉर्टनने शेकडो कवट्या जमवल्या, त्यांत आधी बिया आणि मग शिशाचे छर्रे भरून मेंदूचं आकारमान मोजलं, आणि गोऱ्यांना सर्वांत वर बसवलं. नुसते छर्रे पाहून शाळकरी मुलांना काय कळणार?

निशिगंध
त्याच कवट्या फिलाडेल्फियातल्याच पेन (पेन्सिल्व्हेनिया) विद्यापीठाच्या संग्रहालयातल्या वर्गात कपाटांत दिसायच्या. ओळीने मांडणं ही तर मॉर्टनचीच पद्धत, ती आपण का चालवायची? 2021 मध्ये संग्रहालयाने माफी मागितली, 2024 मध्ये त्यांतल्या 19 कृष्णवर्णीयांचे अवशेष दफनभूमीत गेले. बर्लिनमधल्या पूर्व आफ्रिकेच्या काही कवट्यांचे तर हयात नातेवाईक 2023 मध्ये डीएनएवरून टांझानियात सापडले. त्यांना सांगाल, तुमचा पणजोबा काचेमागेच राहू द्या?

रानवारा
नातेवाईक सापडले तर परत द्यायलाच हवं, त्यावर वाद नाही. पण त्या 19 जणांची ओळख पुरती पटण्याआधीच अंत्यविधी उरकला, अशी तिथल्याच कार्यकर्त्यांची तक्रार होती. गाडून टाकलं की शोधही थांबतो आणि संस्थेची सुटका होते. मला भीती त्याची आहे.

सुमती
इरावतीबाईंचा विषय निघालाय म्हणून. कवटीच्या दोन बाजूंतली असमानता वंशावर ठरत नाही, हा निष्कर्ष त्यांनी फिशरच्या हाताखाली काम करताना काढला. त्याला हिंमत लागते, आणि मला त्यांचा अभिमान आहे. पण भारतात परतल्यावर त्यांनी महाराष्ट्रातल्या जातीजमातींची शारीरिक मोजमापं घेतलीच. पुण्यात कधी यावर दालन झालं, तर दुसरी गोष्टही पहिलीइतक्याच मोठ्या अक्षरांत हवी.

रानवारा
सुमतीताई, हे शंभर टक्के मान्य. पण मोजल्या गेलेल्या माणसांचं काय? वह्यांत त्यांची नावं नाहीत, नुसते आकडे आहेत. हाडंही हलवली तर त्या दालनात त्यांच्या बाजूने काय उरणार?

निशिगंध
त्यांच्या गावांतली, समाजातली आजची माणसं. फलक त्यांना लिहू द्या, आणि हाडं ठेवायची की नाही हेही त्यांनाच ठरवू द्या. त्यांनी ठेवा म्हटलं, तर माझा विरोध नाही.