सहकार सप्ताहातला सप्तरंगी झेंडा ‘तसला’ आहे का?

पार्क चौक : आमच्या सोसायटीनं सहकार सप्ताहाला दारात सप्तरंगी झेंडा लावला. हा अमेरिकेतल्या समलिंगी चळवळीचा झेंडा. पोरंबाळं बघतात. पुढच्या वर्षी लावू नका म्हणून चेअरमनला लेखी देतोय, सह्या करा.

सात रस्ता : सह्या राहू द्या, आधी सनावळी बघा. आंतरराष्ट्रीय सहकारी संघटनेनं हा झेंडा १९२५ साली घेतला. तुम्ही म्हणताय तो समलिंगी चळवळीचा, म्हणजे गिल्बर्ट बेकरनं केलेला झेंडा सॅन फ्रान्सिस्कोत फडकला २५ जून १९७८ ला. ५३ वर्षांनी जन्मलेल्याला थोरल्याचा बाप ठरवताय! माझा आजा विणकर सोसायटीत झेंड्याची दोरी ओढायचा, तो काय अमेरिकेला जाऊन आला होता? दरवर्षी १४ नोव्हेंबर आला की कुणीतरी हे उकरून काढतंच.

पार्क चौक : मग त्याच संघटनेनं २००१ मध्ये झेंडा का बदलला? लोकांची गल्लत होत होती म्हणूनच ना? त्यांनी सोडला, आपण कवटाळून बसलोय.

रंगारी : बेकरचे पट्टे मुळात आठ होते. गुलाबी म्हणजे लैंगिकता, फिरोजी म्हणजे जादू, असे अर्थही लावलेले. मागणी वाढली तसं गुलाबी कापडच मिळेना, पट्टा गेला. १९७९ ला रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या खांबांवर निम्मे-निम्मे रंग लावायचे म्हणून फिरोजीही काढला. ठाणच नाही तर अर्थ काय चाटायचाय? आणि सोसायटीचा झेंडा जवळून बघितला का कुणी? जांभळा पार राखाडी पडलाय, लाल नारिंगीत उतरलाय. व्हॅटमध्ये, म्हणजे सुताच्या पक्क्या रंगात, रंगवला असता तर असा विटला नसता.

यंत्रमाग : व्हॅट आम्हाला शिकवू नको बे. झेंडा पॉलिस्टरचा आहे. त्याला डिस्पर्स रंग लागतो.

रंगारी : पॉलिस्टर? सोलापुरात? सहकाराचा झेंडा? लेखी द्यायचं तर ह्याच्यावर द्या की!

यंत्रमाग : सूत काय भावानं पडतंय ते एकदा विचार, मग बोल. माग भंगारात घालायची पाळी आली, ह्याला सुती झेंडा पाहिजे.

रंगारी : रंगखाने काय सोन्यानं मढवलेत? तुमच्याच उधाऱ्या थकल्यात आमच्याकडं.

निनावी : तुमचा हिशोब चालू द्या. मी इथलाच, आणि ‘तसला’च. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा निकाल २०१८ ला आमच्या बाजूनं लागला, पण घरी अजून सांगितलेलं नाही. पार्क चौक यांचं मला नवल नाही. सात रस्ता, तुम्ही मात्र झेंडा आमचा नाही हे सांगायला आजोबांपर्यंत पोचलात. असता आमचा, तर काय विटाळ झाला असता?

सात रस्ता : अहो, मी तुमच्याच बाजूनं बोलतोय!

निनावी : कळलं. आम्हाला वगळून.

सात रस्ता : चुकीच्या माणसाशी भांडताय तुम्ही. तारीख सांगणं हा गुन्हा झाला का आता?

पार्क चौक : बरं बाबा, १९२५. तुम्ही सगळे विद्वान, आम्ही अडाणी. झेंड्याचं पत्र रद्द. त्याऐवजी लाभांश कुठं मुरतोय हे चेअरमनला विचारतो. त्यावर तरी सही कराल का?

रंगारी : करतो. खाली सुती झेंड्याचंही घाला.

यंत्रमाग : आधी उधारीचा आकडा इनबॉक्सला टाक. सगळ्यांपुढं अब्रू काढलीस.