विसराळूपणा वाढला तर आधी कान तपासावेत का?

सायली_के: घरातलं म्हातारं माणूस विसरायला लागलं की आपण एकतर ‘वय झालं’ म्हणून सोडून देतो, नाहीतर थेट न्यूरोलॉजिस्ट गाठतो. कानांकडे कुणी बघत नाही, याचा मला मनापासून राग येतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका वाढवणारे, पण बदलता येण्याजोगे 14 घटक मांडले. कमी ऐकू येणं हा त्यातला मोठा घटक. आमच्या आत्या पाच माणसांत बसल्या की नुसती मान डोलवायच्या, फोन वाजला की सुनेकडे द्यायच्या. ‘काल सांगितलं तेही आठवत नाही’ असं सगळे म्हणायचे. अहो, कानावरच पडलं नाही ते आठवणार कुठून?

निनाद७१: सरसकट सल्ला म्हणून मला हे पटत नाही. कानाच्या मशीनने बुद्धीची घसरण थांबते का, हे बघणाऱ्या अमेरिकेतल्या ‘अचीव्ह’ चाचणीचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. 70 ते 84 वयाची 977 माणसं होती. निम्म्यांना कानाचं मशीन, बाकीच्यांना आरोग्याविषयी मार्गदर्शन. तीन वर्षांनी एकूण गटात बुद्धीच्या घसरणीत फरक दिसला नाही. घसरण 48 टक्क्यांनी मंदावली असा जो आकडा जाहिरातीत झळकतो, तो फक्त एका उपगटाचा आहे. तेवढ्यावर लोकांना हजारो रुपयांची मशीन घ्यायला लावायची?

सायली_के: पण तो उपगट कोणाचा, तेही सांगा ना. हृदयविकारावरच्या जुन्या अभ्यासातली, जास्त धोका असलेली माणसं होती ती. चाचणीतली उरलेली माणसं मुळातच धडधाकट. त्यांची घसरणच इतकी सावकाश की तीन वर्षांत फरक दिसणार कसा? आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना रक्तदाब आहे, साखर आहे. ते कोणत्या गटाच्या जवळचे?

माईंची_लेक: मी दोघांच्या मधली. आईची स्मृतीची चाचणी झाली तेव्हा मी शेजारीच बसले होते. तीन शब्द सांगून थोड्या वेळाने पुन्हा विचारतात. आईला पहिल्यांदाच नीट ऐकू आले नव्हते! तरी गुण कापले गेले. शिक्षणाचंही तसंच. हरियाणातल्या बल्लभगढमध्ये अशी चाचणी घेताना संशोधकांना न शिकलेल्यांसाठी वेगळे प्रश्न बसवावे लागले होते. त्यामुळे कागदावरचा आकडा बघून लगेच घाबरू नका. पण मशीन आणलं म्हणजे झालं, असंही नाही. आईचं पहिलं मशीन ड्रॉवरमध्येच राहिलं, कारण कानात नीट बसवून रोज सवय करून द्यायला घरात कुणाला वेळ नव्हता.

निनाद७१: चाचणीआधी कान तपासा, हे मान्य. माझा विरोध क्रमाला आहे. ‘आधी कान’ म्हणत घरचे सहा-सहा महिने काढतात आणि बी12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, नैराश्य ही उपचाराने सुधारणारी कारणं राहून जातात. रक्ताची तपासणी त्याच आठवड्यात करा. आणि रोजच्या भाजीवाल्याकडून घरी परतताना माणूस चुकायला लागला, तर तिथे कानांचा काय संबंध? तेव्हा सरळ न्यूरोलॉजिस्टकडेच जा.

सायली_के: रक्त त्याच आठवड्यात, कबूल. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणीही त्याच आठवड्यात. नंतर नाही.