संपत्ती वाढते ती शोधामुळे, की शोध पसरल्यामुळे?

रानवाट (धागाकर्ता)

गेल्या दोनशे वर्षांत माणसाचं उत्पन्न इतकं का वाढलं, हा विषय निघाला की आपण शोधकांची नावं घेतो. वॅट, एडिसन, राइट बंधू. माझं म्हणणं असं की ज्या दिवशी शोध लागतो त्या दिवशी संपत्तीत फारसा फरक पडत नाही. तो शोध शंभराव्या, हजाराव्या माणसाच्या हाती पडतो आणि तो त्यात स्वतःची भर घालतो, तेव्हा खरी वाढ होते. म्हणून शोधांना कुंपण घालणारे नियम आजच्यापेक्षा खूप सैल हवेत. लांबलचक पेटंटं, तंत्रज्ञानावरच्या निर्यातबंद्या, नोकरी सोडणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ न देणारे करार, सगळंच.

१९५७ मध्ये अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी अमेरिकेच्या १९०९ ते १९४९ या काळाचा हिशेब मांडला. तासामागचं उत्पादन जवळपास दुप्पट झालं होतं. त्यातला सुमारे आठवा हिस्सा माणशी भांडवल वाढल्यामुळे आला होता, उरलेले सात हिस्से त्यांनी तांत्रिक बदलाच्या खात्यात टाकले. पुढे १९९० मध्ये अर्थतज्ज्ञ पॉल रोमर यांनी याचं कारण नीट मांडलं: यंत्र एका वेळी एकाच ठिकाणी चालतं, पण ते बनवायची रीत एकाच वेळी कितीही जणांना वापरता येते आणि वापरून झिजत नाही.

मला सगळ्यात पटणारं उदाहरण इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खाणींचं आहे. वॅटचं वाफेच्या इंजिनाचं १७६९ चं पेटंट संसदेने १७७५ मध्ये वाढवून थेट १८०० पर्यंत नेलं. या काळात कॉर्नवॉलच्या अभियंत्यांनी इंजिनात स्वतःच्या सुधारणा केल्या की कोर्टकज्जे मागे लागायचे. पेटंट संपलं आणि १८११ पासून तिथे एक मासिक पत्रक निघू लागलं. कोणत्या खाणीतलं इंजिन ठरावीक कोळशात किती पाणी उपसतं, ते त्यात इंजिनाच्या तपशिलासकट छापलेलं असे. चांगला आकडा कुणाचा आला की बाकीचे तिथे जाऊन बघत आणि आपल्या इंजिनात तसा बदल करत. तिथल्याच ट्रेव्हिथिक या अभियंत्याने १८१२ मधल्या आपल्या नव्या इंजिनाचं पेटंटही घेतलं नाही. पुढच्या तीसेक वर्षांत तेवढ्याच कोळशात होणारं काम दुपटीहून जास्त झालं. हे कुणा एका प्रतिभावंताचं काम नव्हतं. तिथे सगळे एकमेकांचं बघून शिकत होते.

कातळ

कॉर्नवॉलची गोष्ट खरी आहे, पण तुम्ही ती मधूनच सुरू केलीत. वॅटच्या इंजिनात पहिला पैसा घातला जॉन रोबकने, आणि त्याचं दिवाळं वाजलं. मग कारखानदार बोल्टन वॅटचा भागीदार म्हणून आला. पेटंटची मुदत वाढली नसती तर त्याने कारखान्यात एवढं भांडवल ओतलं असतं का? जे पसरवायचं ते आधी तयार तर व्हायला हवं. कॉर्नवॉलवाल्यांना सुधारायला मिळालेलं इंजिन कुणाच्या तरी पैशातून आणि जोखमीतून उभं राहिलं होतं.

दुसरं, पेटंट नसलं की ज्ञान मोकळं होतं हे तुम्ही गृहीत धरलंय. बाळंतपणात अडलेलं मूल सोडवायचा चिमटा चेंबरलेन घराण्याने शोधला आणि शंभराहून जास्त वर्षं, पिढ्यान्पिढ्या, लपवून ठेवला. त्या काळात किती बाया आणि मुलं गेली असतील याचा विचार करा. पेटंटमध्ये निदान सौदा असतो: ठरावीक वर्षं तुझा हक्क, पण कृती कागदावर सगळ्यांसमोर मांड. कुंपण काढलंत तर लोक भिंत बांधतील.

रानवाट

चेंबरलेनचं उदाहरण भारी आहे आणि त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण सगळ्याच गोष्टी लपवता येत नाहीत. इंजिन खाणीच्या तोंडाशी उभं असतं. बाजारात आलेली वस्तू कुणीही खोलून बघतो. तिथे पेटंटमुळे जगाला नवं काहीच कळत नाही, फक्त दुसऱ्याचे हात बांधले जातात.

आणि वॅटबद्दल बोलताय तर लोखंडाचा कारखानदार विल्किन्सन यालाही विसरू नका. वॅटच्या इंजिनाला हवा तसा अचूक सिलिंडर कुणाला कोरता येत नव्हता. तो जमला विल्किन्सनच्या यंत्रामुळे, आणि त्या यंत्रामागची रीत तोफांची नळी कोरण्याच्या कामातून आलेली. तोफेची विद्या इंजिनापर्यंत पोचली नसती तर बोल्टनचं भांडवल नुसतं पडून राहिलं असतं.

उभाआडवा

तुम्ही दोघंही धरून चालला आहात की रीत उघडी झाली म्हणजे ती पसरली. मी कापड उद्योगात बरीच वर्षं काढली आहेत आणि माझा सगळा अनुभव याच्या उलट आहे. यंत्र येतं, माहितीपुस्तिका येते, तरी उत्पादन येत नाही.

ग्रेगरी क्लार्क या इतिहासकाराने १९१० च्या सुमाराच्या सूतगिरण्यांची तुलना केली होती. यंत्रं जवळपास सारखीच, बहुतेक इंग्लंडमध्ये बनलेली. तरी न्यू इंग्लंडमधला (अमेरिकेच्या ईशान्य भागातला) एक कामगार जेवढं काम ओढायचा तेवढ्याला भारत, चीन, जपान किंवा ग्रीसमध्ये जवळपास सहा जण लागायचे. कुंपण कुठे होतं? यंत्र विकत मिळत होतं, कृतीही गुपित नव्हती. कारणांवर वाद आहेत, पण विकत घेतलेल्या यंत्राबरोबर गिरणी चालवायची पद्धत येत नाही एवढं त्यातून दिसतं. (याच जपानने पुढे काही वर्षांत चित्र पालटलं, तेही बघा.)

उलट ब्रिटनने कारागिरांना देश सोडायला बंदी घातली होती, ती १८२४ पर्यंत टिकली. यंत्रांच्या निर्यातीवरची बंधनं तर १८४३ पर्यंत होती. तरी सॅम्युएल स्लेटर १७८९ मध्ये निसटला आणि १७९० मध्ये अमेरिकेत रोड आयलंडला पाण्यावर चालणारी सूतकताई उभी केली. त्याच्याजवळ नकाशे नव्हते. गिरणीत उमेदवारी केलेली होती, हात बसलेला होता.

बांगलादेशचं तसंच. १९७९-८० मध्ये ‘देश गारमेंट्स’ या तिथल्या कंपनीने १३० जण कोरियात देवू कंपनीकडे शिकायला पाठवले. परत आल्यावर पुढच्या काही वर्षांत त्यातले बहुतेक बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःचे कारखाने काढले किंवा दुसऱ्यांचे उभे केले. आजचा तिथला तयार कपड्यांचा उद्योग बऱ्याच अंशी त्यातून वाढला. पेटंटवर भांडण्यात जेवढी शक्ती जाते तिच्यातली निम्मी माणसं शिकवण्यावर खर्च करा.

रानवाट

उभाआडवा, तुमचा प्रतिसाद मला पुन्हा पुन्हा वाचावा लागेल. पण त्यातून माझाच मुद्दा निघतो ना? ते १३० जण नोकरी सोडू शकले म्हणून उद्योग पसरला. त्यांना कराराने बांधून ठेवलं असतं तर एकच कंपनी मोठी झाली असती.

कातळ

आणि बांधून ठेवता येत नाही हे आधीच माहीत असतं तर पुढच्या मालकाने १३० जणांना परदेशी शिकायला पाठवलंच नसतं. शिकवायचा खर्च एकाचा, फायदा सगळ्यांचा. हे किती वेळा चालेल?

सांजपाखी

मला इथे वेगळीच काळजी वाटते. नव्या कल्पना सापडणंच दिवसेंदिवस महाग होतंय. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांच्या २०२० च्या अभ्यासानुसार संगणकाच्या चिपवरचे ट्रान्झिस्टर दर दोन वर्षांनी दुप्पट करत राहायला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीच्या मानाने १८ पटींहून जास्त संशोधक लागतात. पसरवणं सोपं करून काय होणार, झराच आटत असेल तर?

शिवाय सोलोंचे ते सात हिस्से म्हणजे भांडवल वजा जाता जे उरलं ते सगळं. त्यात शिक्षण आहे, कामाची मांडणी आहे. त्याला सरसकट कल्पना म्हणणं मला धाडसाचं वाटतं.

रानवाट

शिक्षण वेगळं काढलं पाहिजे, मान्य. पण कामाची मांडणी हीसुद्धा कल्पनाच. एडिसनचं वीजकेंद्र १८८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालं, तरी १९०० च्या सुमारास अमेरिकी कारखान्यांतल्या यंत्रशक्तीत विजेच्या मोटरींचा वाटा ५ टक्क्यांहूनही कमी होता. उत्पादकतेची मोठी उडी १९२० च्या दशकात दिसली. कारण वाफेच्या काळात सगळी यंत्रं एका लांब दांड्याला पट्ट्यांनी जोडलेली असत आणि इमारतीही त्याच हिशेबाने बांधलेल्या. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर द्यायची आणि यंत्रं कामाच्या क्रमाने मांडायची, हे कारखान्याकारखान्यांतून रुजायला तेवढी वर्षं गेली. शोध तोच, पैसा आला तो मांडणी पसरल्यावर.

झरा आटतोय म्हणता, तर आधीच सापडलेलं अजून अर्ध्या जगापर्यंत पोचलेलं नाही, तिथे केवढी तरी वाढ शिल्लक आहे.

कातळ, तुमच्यासाठी एक ठोस प्रस्ताव. १९१७ पर्यंत अमेरिकेत राइट आणि दुसरा विमान बनवणारा कर्टिस यांच्या पेटंटच्या भांडणात विमान उद्योग अडकला होता. मग सरकारच्या दबावाने सगळी पेटंटं एका ठिकाणी आली आणि विमानामागे ठरावीक रक्कम भरून कुणालाही ती वापरता येऊ लागली. शोधकाला पैसे मिळाले, इतरांना दार उघडलं. पेटंटच्या पहिल्या काही वर्षांनंतर सगळीकडेच अशी सक्ती का नको?

कातळ

कारण तिथे युद्ध तोंडावर होतं आणि मोठं गिऱ्हाईक सरकारच होतं, म्हणून दर ठरवता आला. एरवी तो कोण ठरवणार? दहा औषधांवर काम करून नऊ फसतात, दहाव्याची किंमत बाकी नवांचा खर्च धरून लावावी लागते. सरकारी समिती फक्त यशस्वी झालेल्या दहाव्याचा खर्च बघेल. औषधांच्या बाबतीत म्हणूनच मला सक्ती नको. सॉफ्टवेअरसारख्या क्षेत्रात, जिथे एकावर एक सुधारणा पाच-सहा वर्षांत रचल्या जातात, तिथे मुदत निम्मी करायला माझी आजही तयारी आहे.

उभाआडवा

आणि शिकवण्याच्या खर्चाचं? तो कुणी उचलायचा ते दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही.