चौथ्या वर्षी ऑनर्स विथ रिसर्च घ्यावे का? बहात्तरच्या दुष्काळावरील प्रकल्पाविषयी सल्ला हवा आहे

प्रश्न
(विचारणारी: बी. ए. तृतीय वर्ष, इतिहास)

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातील एका संलग्न महाविद्यालयात तिसऱ्या वर्षात शिकत आहे. इतिहास हा माझा मेजर विषय आहे आणि समाजशास्त्र मायनर. आमच्या तुकडीने २०२४-२५ मध्ये प्रवेश घेतल्यामुळे आम्हाला नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा लागू आहे. म्हणजे तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते, साधे ऑनर्स करण्यासाठी चौथ्या वर्षाला थांबता येते किंवा त्याच वर्षी संशोधन प्रकल्प करून ऑनर्स विथ रिसर्च ही पदवी मिळवता येते. आतापर्यंतच्या सत्रांत माझे गुण ७५ टक्क्यांच्या वर आहेत आणि ते तसेच राहतील अशी आशा आहे.

मला १९७२ च्या दुष्काळावर काम करायचे आहे. आमच्या घरात, शेजारीपाजारी, अगदी लग्नकार्यात जमलेल्या बायकांच्या बोलण्यातही हा दुष्काळ वारंवार येतो. मिलोच्या (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या) लाल भाकरी, सुकडी (दुष्काळात वाटला जाणारा कोरडा आहार), खडी फोडण्याचे काम, पाझर तलाव (पाणी अडवून जमिनीत मुरवणारा तलाव) हे शब्द ऐकतच मी मोठी झाले. तरीही आमच्या अभ्यासक्रमात त्यावर जेमतेम एक परिच्छेद आहे. ‘मराठवाड्यातील १९७२ चा दुष्काळ : एक ऐतिहासिक अभ्यास’ असे शीर्षक मी सरांना दाखवले. त्यांनी विषय चांगला आहे, पण विचार करून ये, एवढेच सांगितले.

वडिलांचे म्हणणे असे की, चौथे वर्ष त्याच महाविद्यालयात काढण्यापेक्षा पदवी घेऊन विद्यापीठात एम. ए. करावे आणि जोडीने स्पर्धा परीक्षेची तयारी करावी. त्यांची काळजी मला समजते. म्हणून दोन गोष्टी विचारते. हे चौथे वर्ष खरोखर उपयोगाचे आहे का? आणि माझ्यासारख्या विद्यार्थिनीला हा विषय एका वर्षात पेलेल का?

पहिले उत्तर
(चौथे वर्ष, स्वायत्त महाविद्यालय, पुणे)

आमच्या महाविद्यालयात हा आराखडा २०२३-२४ पासून लागू झाला, त्यामुळे तुमच्यापुढचा निर्णय आमच्यापुढे एक वर्ष आधी आला. नियमांपुरते सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण असणाऱ्या विद्यार्थ्यांना संशोधनाचा मार्ग निवडता येतो, प्रकल्प मेजर विषयातच करावा लागतो आणि त्याला १२ क्रेडिट असतात. साधे ऑनर्स करणारे विद्यार्थी या १२ क्रेडिटऐवजी इतर अभ्यासक्रम पूर्ण करतात. प्रत्येक विद्यापीठाची अंमलबजावणीची परिपत्रके वेगळी असल्यामुळे आपल्या विद्यापीठाचे परिपत्रक विभागप्रमुखांकडून मागून स्वतः वाचावे.

वर्षांचा हिशेब बरोबरीचाच आहे. तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचे एम. ए. मिळून पाच वर्षे होतात, तर चार वर्षांची पदवी घेतल्यावर एक वर्षाचे पदव्युत्तर शिक्षण अपेक्षित आहे, म्हणजे तीही पाचच. फरक पडतो तो पीएच. डी. करण्याचा विचार असेल तर. २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत किमान ७५ टक्के गुण असणारा विद्यार्थी एम. ए. न करताही पीएच. डी. च्या प्रवेशासाठी पात्र ठरतो आणि आरक्षित प्रवर्गांना त्यात पाच टक्क्यांची सवलत आहे. मात्र आपल्याला हव्या त्या विद्यापीठात एक वर्षाचे एम. ए. प्रत्यक्षात सुरू झाले आहे का, जागा किती आहेत, याची चौकशी चौथ्या वर्षाचा अर्ज भरण्यापूर्वीच करावी. आमच्या वर्गातल्या काही जणांनी ती नंतर केली आणि त्यांना फार धावपळ करावी लागली.

स्पर्धा परीक्षांसाठी तीन वर्षांची पदवी पुरेशी असते. त्यामुळे केवळ त्या परीक्षांसाठी चौथे वर्ष करण्याची गरज नाही, हे वडिलांचे म्हणणे मला पटते.

दुसरे उत्तर
(इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापिका)

तुमच्या सरांनी ‘विचार करून ये’ असे का सांगितले असावे, याचा अंदाज मला तुमच्या शीर्षकावरून येतो. ‘मराठवाड्यातील १९७२ चा दुष्काळ’ हा एका विद्यार्थिनीचा वर्षभराचा विषय नाही. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. एवढ्या मोठ्या घटनेचा आढावा घेण्याच्या नादात विद्यार्थी चार पुस्तके आणि सहा लेख समोर ठेवतो, त्यांतील मजकूर पुढेमागे करतो आणि शेवटी ‘दुष्काळाचे परिणाम दूरगामी होते’ असे लिहून मोकळा होतो. पदवीच्या पातळीवरील शेकडो प्रकल्पांची ही गत मी पाहिली आहे. मनापासून सांगते, तुम्ही त्या वाटेने जाऊ नका, कारण तुमच्याकडे जे आहे ते कुठल्याही ग्रंथालयात नाही.

तुमच्याकडे एक गाव आहे. त्या गावात १९७२ मध्ये विशीत असलेली माणसे आज सत्तरी ओलांडून गेली आहेत आणि त्यांच्याशी बोलायला कोणाच्या परवानगीची चिठ्ठी लागत नाही. म्हणून प्रश्न गावापुरता आणि एका धाग्यापुरता करा. उदाहरणार्थ, आपल्या गावातील कोणत्या घरांतील बायका पहिल्यांदाच घराबाहेर कामावर गेल्या आणि दुष्काळ संपल्यावर त्या पुन्हा घरात बसल्या की मजुरीला जात राहिल्या? किंवा, गावाजवळचा पाझर तलाव कोणाच्या शेतात खणला गेला आणि नंतर त्याचे पाणी कोणाच्या विहिरीला लागले? दुसरा प्रश्न मला अधिक आवडतो, कारण त्या तलावाच्या बांधावर उभे राहून त्याची तपासणी करता येते. तलाव खणणारे हात एका वस्तीचे आणि भिजलेली शेते दुसऱ्याच वस्तीची असे निघाले, तर तुमच्या हाती खरा इतिहास लागला असे समजा. तसे निघाले नाही, तर तेही तितक्याच प्रामाणिकपणे लिहा.

आता साधनांविषयी. फक्त आठवणींवर विसंबून राहू नका आणि फक्त कागदांवरही नको. तलाठी कार्यालयात त्या वर्षांची पीकपाहणी, सातबाराचे जुने उतारे आणि आणेवारीचे (पीक किती आले याच्या सरकारी अंदाजाचे) आकडे मिळण्याची शक्यता असते. १९७१ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावातील घरे व लोकसंख्या दिलेली असते. त्या काळी औरंगाबादहून (आजचे छत्रपती संभाजीनगर) निघणाऱ्या ‘मराठवाडा’ दैनिकाचे जुने अंक जिथे उपलब्ध असतील तिथे बसून त्या दोन वर्षांचे अंक ओळीने चाळा; फक्त दुष्काळाच्या बातम्या न पाहता जाहिराती, बाजारभाव आणि वाचकांची पत्रेही पाहा.

आणखी एक साधन सांगते, ज्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेचे जनरल रजिस्टर. त्यात प्रत्येक मुलाच्या नावापुढे प्रवेशाची तारीख, इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण असे रकाने असतात. मुख्याध्यापकांची रीतसर परवानगी घेऊन १९७० ते १९७५ या काळातील पाने वाचा. शाळा सोडण्याच्या तारखा कोणत्या महिन्यांत दाटून येतात, मुलींची नावे आधी गळतात का, त्यांतील किती मुले पुन्हा दाखल झाली, हे त्या निळ्या शाईच्या ओळींतून दिसू शकते. कारणाच्या रकान्यात ‘सतत गैरहजर’ एवढेच लिहिलेले असेल. ते मूल त्या दिवसांत कुठे होते, हे मात्र तुम्हाला त्याच्याच तोंडून ऐकता येईल, कारण ते मूल आज साठीच्या पुढचे आजोबा किंवा आजी आहे. कागद आणि आठवण अशी समोरासमोर आणण्याची संधी इतिहासाच्या विद्यार्थ्याला क्वचित मिळते.

रोजगार हमीशी या विषयाचा संबंध येणारच. योजनेमागे विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांचा विचार होता, दुष्काळाच्या काळात तिचा विस्तार झाला, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, एवढे पार्श्वभूमीसाठी दोन पानांत लिहा. प्रकरणभर लिहू नका. ते काम झालेले आहे.

तिसरे उत्तर
(साहाय्यक प्राध्यापक, ग्रामीण महाविद्यालय)

मॅडमनी विषयाविषयी जे लिहिले आहे त्यात भर घालण्याची माझी पात्रता नाही. पण पहिल्या प्रश्नाविषयी थोडे वेगळे मत मांडतो, कारण अशा महाविद्यालयांची आतली स्थिती मी रोज पाहतो.

संशोधन प्रकल्प विद्यार्थ्याच्या जिद्दीइतकाच मार्गदर्शकाच्या वेळेवर उभा असतो. ज्या विभागात दोन किंवा तीन प्राध्यापक सर्व वर्षांचे तास घेतात, परीक्षांची कामे पाहतात आणि त्यांतील एखादे पद रिक्त असते, तिथे प्रकल्पाच्या विद्यार्थिनीला पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास तरी मिळेल का, हा प्रश्न तुम्ही सरांना थेट आणि आदराने विचारला पाहिजे. विभागाला संशोधन केंद्राची मान्यता आहे का, मार्गदर्शक स्वतः पीएच. डी. चे मार्गदर्शक आहेत का, ऑनर्स विथ रिसर्चसाठी आपले महाविद्यालय पात्र ठरले आहे का, हेही विचारा. यांतील उत्तरे समाधानकारक नसतील तर वडिलांचा सल्ला अधिक योग्य आहे असे माझे स्पष्ट मत आहे. विद्यापीठाच्या विभागात ग्रंथालय मोठे असते, विषयावर वाद घालणारे सहाध्यायी भेटतात, आणि एम. ए. मध्येही शोधनिबंध करता येतोच. हा विषय तिथेही तुमची वाट पाहील.

फक्त एका गोष्टीसाठी मी घाई करायला सांगेन. निर्णय कोणताही घ्या, मुलाखती याच उन्हाळ्यात सुरू करा. ज्यांच्याकडून ऐकायचे ती माणसे थकत चालली आहेत. प्रवेश कुठे घ्यायचा हे तुम्ही जूनमध्ये ठरवू शकता, त्यांच्याशी बोलणे मात्र तोवर लांबवू नका.

मूळ प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपण तिघांनीही एवढ्या आपुलकीने वेळ दिलात, त्याबद्दल मी ऋणी आहे. आज सरांशी बोलले. आमच्या विभागाला संशोधन केंद्राची मान्यता आहे आणि सर स्वतः मार्गदर्शक आहेत. दर दुसऱ्या शनिवारी भेटायचे आणि प्रत्येक भेटीला दोन पाने लिहून न्यायची, या अटीवर त्यांनी होकार दिला आहे. पाझर तलावाचा प्रश्न त्यांनाही आवडला. वडिलांनी एक वर्षाच्या एम. ए. ची चौकशी स्वतः विद्यापीठात जाऊन करण्याचे ठरवले आहे.

एक अडचण मात्र आहे. काल शेजारच्या आजींना मी सहज विचारले, ‘आजी, दुष्काळात काय काय झालं?’ तर त्या म्हणाल्या, ‘लई हाल झाले बाई,’ आणि गप्प झाल्या. त्यांचा मुलगा शेजारी बसला होता, तोच पुढचे सगळे सांगू लागला. अशा वेळी मुलाखत कशी घ्यावी?

निवृत्त प्राध्यापिकांचे उत्तर

एवढ्या मोठ्या प्रश्नाला माणूस एवढेच उत्तर देऊ शकतो. ‘काय झालं’ असे विचारण्याऐवजी दिवसाची हकिगत विचारा. कामावर जायला घरातून किती वाजता निघायचात? सोबत कोण असायचे? लहान लेकरू कोणाजवळ ठेवायचात? टिकाव तुमच्याकडे असायचा की पाटी? खोदलेल्या खड्ड्याचे माप कोण घ्यायचे, आणि ते कमी भरले तर तुम्ही कोणाला बोलायचात? मस्टरवर (हजेरीपटावर) नाव तुमचे लागायचे की मालकांचे? पगार हातात कोण घ्यायचे? मिलो दळताना आणि थापताना ज्वारीपेक्षा काय वेगळे वाटायचे? अशा प्रश्नांना आजी अडणार नाहीत, आणि बोलता बोलता मोठ्या प्रश्नाचे उत्तर त्या स्वतःच देतील.

मुलगा घरी नसेल अशा वेळी जा. दुपारी, जेवणे झाल्यावर. पहिल्या भेटीत ध्वनिमुद्रण करू नका. दुसऱ्या भेटीत हे कशासाठी आहे, कोण वाचणार आहे, नाव छापले जाईल की नाही, हे त्यांच्या बोलीत समजावून सांगा आणि त्यांची संमती त्यांच्याच आवाजात मुद्रित करा. नको म्हणाल्या तर वही घेऊन बसा. शाळेच्या रजिस्टरमधील जात किंवा कुटुंबाची माहिती कोणाच्याही नावासह प्रकल्पात देऊ नका. घरांना क्रमांक द्या आणि नावांची यादी फक्त तुमच्याजवळ व सरांजवळ राहू द्या. गाव लहान आहे आणि तलावाच्या पाण्यावरून तिथे आजही वाद असू शकतात.

एक तासाची मुलाखत उतरवून काढायला चार ते सहा तास लागतात, म्हणून मुलाखती मोजक्याच घ्या आणि ज्या दिवशी घ्याल त्याच रात्री उतरवायला बसा. आजी ज्या शब्दांत बोलल्या तेच शब्द ठेवा. ‘लई हाल झाले’ याचे ‘अत्यंत हालअपेष्टा सोसाव्या लागल्या’ असे करू नका. तलावाचा नकाशा मात्र आधी हाताने काढा, मग तोच आजींपुढे ठेवून त्यांना आपली जागा बोटाने दाखवायला सांगा.